‘लॉलर्ड’ कोणाला म्हणायचं?

इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेकरूंचा जथा घोड्यांवरून कँटरबरीला निघालेला असतो. वाटेत सराईचा मालक गावच्या पाद्रीबुवांना म्हणतो, देवाच्या हाडांची शपथ, आता तुमची गोष्ट होऊन जाऊ दे. पाद्री विचारतो, या माणसाला झालंय तरी काय, इतकी पापी शपथ कशाला घालतोय? त्यावर मालक म्हणतो, “वाऱ्यावर मला लॉलरचा वास येतोय.” आणखी एक यात्रेकरू (तो नेमका कोण, हे हस्तलिखितागणिक बदलतं) मध्ये पडून बजावतो, की याला इथे प्रवचन झोडू द्यायचं नाही, आपल्या स्वच्छ धान्यात हा निदण (तण) उगवून ठेवेल.

पाद्र्याने केलं होतं काय? शपथ घालू नका म्हटलं, एवढंच. पोपविरुद्ध अवाक्षर काढलं नव्हतं. तरी वास आला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ‘लॉलर’ किंवा ‘लॉलर्ड’ हा शब्द कसा चालायचा ते या चार ओळींत आलंय. आज इतिहासाच्या पुस्तकात ‘लॉलर्ड चळवळ’ असं छापलेलं दिसतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा एखादा पंथ असेल, त्याचा गुरू असेल, दीक्षा असेल, सभासदांची यादी असेल. यातलं काहीच नव्हतं. धर्माच्या बाबतीत समोरचा जरा जास्तच बोलतोय असं वाटलं, की त्याच्या पाठीवर मारायचा हा शिक्का होता. ज्यांना तो लागला ते स्वतःला ‘खरी माणसं’ म्हणवत, आणि पुढच्या काळात आपापसात ‘ओळखीची माणसं’. ‘तो ओळखीचा आहे’ म्हणजे त्याच्यासमोर बोलायला हरकत नाही.

शब्दाची तीन मुळं

मूळ डच भाषेतलं आहे. तिथे ‘लोलेन’ म्हणजे पुटपुटणं, गुणगुणणं. नेदरलँड्सच्या गावांत मठाच्या शिस्तीबाहेर राहून प्रार्थना करणारी, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी, साथीत मेलेल्यांना पुरणारी काही मंडळी होती. त्यांना लोक चेष्टेने ‘लोलार्ट’ म्हणत. मराठीत ‘पुटपुटे’ म्हटलं तर त्यातली खोच बरोबर उतरते: मोठे धार्मिक दाखवतात, सदा ओठ हलत असतात.

इंग्रजीत हा शब्द पोचला तेव्हा तिथे आधीच एक ‘लॉलर’ होता. काम न करता इकडेतिकडे पडून राहणारा, भिक्षेकरी सोंग घेऊन फिरणारा. म्हणजे आपल्या भाषेत लोळणारा. ‘लोळणे’ आणि इंग्रजीतलं ‘लॉल’ यांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा.

तिसरं मूळ खरं तर मूळ नाही, धर्मपंडितांनी केलेली कोटी आहे. लॅटिनमध्ये ‘लोलियम’ नावाचं एक तण आहे. ते गव्हाच्या शेतात उगवतं आणि कोवळं असताना हुबेहूब गव्हासारखं दिसतं. ओंबी धरेपर्यंत फरक कळत नाही, आणि चुकून दळणात गेलं तर खाणाऱ्याला चक्कर येते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात गहू आणि निदणाचा दाखला आहे. त्यात कापणीच्या वेळी निदणाच्या पेंढ्या बांधून जाळतात. लॉलर्डांविरुद्धची कागदपत्रं कार्मेलाइट संन्याशांनी एकत्र केली, त्या संग्रहाचं लॅटिन नावच ‘निदणाच्या पेंढ्या’ असं आहे. पुढे काय होणार याची सूचना नावातच होती.

गंमत अशी की इंग्लंडात या शब्दावरून नोंदलेली पहिली शिक्षा लॉलर्डाला नाही, लॉलर्ड म्हणणाऱ्याला झाली. १३८२ साली ऑक्सफर्डमध्ये हेन्री क्रंप नावाच्या आयरिश संन्याशाने विद्यापीठातल्या काही विद्वानांना जाहीरपणे ‘लॉलर्ड’ म्हटलं. कुलपतीने शांततेचा भंग केला म्हणून क्रंपलाच निलंबित केलं. राजदरबारातून हुकूम आला तेव्हा निलंबन उठलं. दहा वर्षांनी, १३९२ मध्ये, याच क्रंपवर पाखंडाचा आरोप येऊन तो दोषी ठरला. १३८७ मध्ये वुस्टरच्या बिशपने पाच प्रवचनकारांवर बंदी घातली, त्या हुकमात मात्र ‘लॉलर्ड’ हा शब्द सरकारी भाषेचा झालेला दिसतो. शिवी पाच वर्षांत दप्तरी शब्द झाली.

विक्लिफचा वाटा

या सगळ्यामागे जॉन विक्लिफ. ऑक्सफर्डचा तर्कशास्त्री, धर्मपंडित, १३७४ पासून लेस्टरशरमधल्या लटरवर्थ गावचा पाद्री. स्वभावाने किचकट, लिहिणं लॅटिनमध्ये, गावोगाव हिंडणारा प्रवचनकार तर मुळीच नव्हता. राजपुत्र जॉन ऑफ गाँटचा त्याला आधार होता. चर्चकडे गडगंज जमीनजुमला असू नये, राजाला तो काढून घेता येतो, असं विक्लिफ मांडत होता, आणि हे कुठल्या सरदाराला आवडणार नाही? १३७७ मध्ये पोपने त्याच्या विधानांचा निषेध केला तेव्हाही तो आधार टिकला.

आधार सुटत गेला तो भाकरीच्या प्रश्नावरून. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, पाद्री भाकरीवर मंत्र म्हणतो तेव्हा ती ख्रिस्ताचं शरीर होते, हे कॅथलिक मत. दिसायला, चवीला भाकरच राहते, पण आतलं द्रव्य बदलतं. विक्लिफ म्हणाला, हे तर्कात बसत नाही. पांढरेपणा आहे, गोलपणा आहे, पण पांढरी आणि गोल अशी वस्तूच नाही, हे कसं? न्यायदर्शन वाचलेल्याला ही अडचण ओळखीची वाटेल: गुण द्रव्याशिवाय कुठे राहणार? विक्लिफचं उत्तर असं, की ख्रिस्त तिथे असतो, पण भाकरही भाकरच राहते. विद्यापीठातला हा वाद पुढच्या पिढीत शिंपी, कातडी कमावणारे, विणकर यांच्या तोंडी गेला तेव्हा सगळा बारकावा गळून एकच वाक्य उरलं: भाकर ती भाकर.

१३८१ मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं, जमावाने कँटरबरीच्या आर्चबिशपचं डोकं उडवलं. विक्लिफचा बंडात हात नव्हता, पण वरचे लोक घाबरले होते आणि घाबरलेल्यांना बारीक फरक दिसत नाहीत. नवा आर्चबिशप विल्यम कोर्टनी याने मे १३८२ मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात सभा बोलावली. विक्लिफची २४ मतं वाचली गेली. १० पाखंडी ठरली, १४ चुकीची. सभा चालू असताना भूकंप झाला. विक्लिफच्या बाजूचे म्हणाले देव रागावला, कोर्टनी म्हणाला पृथ्वी विषारी वायू बाहेर टाकतेय, तसं आपणही करायचं. विक्लिफला कोणी अटक केली नाही. तो लटरवर्थला लिहीत राहिला आणि ३१ डिसेंबर १३८४ ला अर्धांगाच्या झटक्याने बिछान्यात वारला.

संशय कशावरून यायचा

काही लॉलर्डांनी १३९५ मध्ये बारा कलमांचा जाहीरनामा लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर हॉलच्या दारावर लावला. त्यात भाकरीचा मुद्दा आहेच. शिवाय पाद्र्याकडे पापांची कबुली देण्याची सक्ती, मेलेल्यांसाठी पैसे घेऊन प्रार्थना, मूर्तींपुढे नवस आणि यात्रा, पाद्र्यांनी सरकारी पदं भोगणं, आणि युद्धात माणसं मारणं, यांवरही टीका आहे. शेवटी सोनार आणि हत्यारं बनवणारे यांच्या धंद्यांवरसुद्धा घसरतात: या कामांपायी उधळपट्टी आणि पाप वाढतं म्हणे. सगळ्या लॉलर्डांना सगळी कलमं मान्य होती असं मात्र नाही. कोणी एकच मुद्दा धरून बसायचा, कोणी पाच.

व्यवहारात शेजाऱ्याला संशय येई तो यापेक्षा साध्या गोष्टींवरून. माणूस शपथ घालत नाही. मूर्तीपुढे मेणबत्ती लावत नाही. उपवासकाळात मांस खातो. दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, द्यायला कुरकुर करतो. आणि सगळ्यांत मोठी खूण: घरात इंग्रजी पुस्तक आहे, आणि संध्याकाळी दार लावून कोणीतरी ते मोठ्याने वाचतं.

पुस्तकाची गोष्ट

बायबल त्या काळी लॅटिनमध्ये होतं. विक्लिफच्या अनुयायांनी ते आख्खं इंग्रजीत आणलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या भाषांतराला जोडलेल्या प्रस्तावनेत कामाची पद्धत दिली आहे आणि आजच्या भाषांतरकाराने भिंतीवर लावावी अशी ती आहे. आधी जुन्या लॅटिन प्रती जमवायच्या आणि ताडून पाहून त्यातल्या त्यात बिनचूक असा एक पाठ तयार करायचा, कारण नकलाकारांच्या चुकांनी प्रती भरलेल्या होत्या. मग त्या पाठाचा भाष्यांसकट अभ्यास. मग अडलेले शब्द जुन्या व्याकरणकारांकडे आणि पंडितांकडे तपासायचे. आणि शेवटी भाषांतर, तेही शब्दाला शब्द न ठेवता वाक्याचा अर्थ धरून, आणि जाणकार सोबत्यांकडून दुरुस्त करून घेऊन.

शब्दाला शब्द का नाही, याचं उदाहरणही प्रस्तावनेत आहे. लॅटिन वाक्य: ‘दोमिनुम फोर्मिदाबुंत अद्वेर्सारी एयुस’. शब्दांच्या क्रमाने मराठीत ठेवलं तर ‘प्रभूला भितील वैरी त्याचे’. थोडं वाकडं वाटतं, पण कोण कोणाला भितो यात गोंधळ होत नाही, कारण ‘ला’ प्रत्यय ते सांगतो. लॅटिनमध्ये तेच काम ‘-उम’ करतो. इंग्रजीत असे प्रत्यय झिजून गेलेले. तिथे नामं ज्या क्रमाने येतात त्यावर अर्थ ठरतो. प्रभू आधी, वैरी नंतर असं लॅटिनसारखंच ठेवलं की इंग्रजी वाचकाला वाटणार प्रभूच वैऱ्यांना घाबरतो. पहिल्या भाषांतरात असा लॅटिन सांगाडा जागोजागी उघडा पडलेला दिसतो. दुसऱ्यात वाक्य मोडून नव्याने बांधलं: प्रभूचे वैरी त्याला भितील.

या बायबलच्या सुमारे २५० हस्तलिखित प्रती आजही उरल्या आहेत. आख्खं बायबल असलेल्या त्यात जेमतेम विसेक, बाकी बहुतेक नवा करार (बायबलचा ख्रिस्तापासूनचा दुसरा भाग) किंवा त्यातले भाग. बंदी असलेल्या पुस्तकाच्या इतक्या प्रती टिकल्या हे विचित्र वाटेल. कारण असं, की भाषांतरात पाखंड असं काही घातलेलंच नव्हतं. मजकूर लॅटिनशी इमान राखून होता. राजघराण्यातल्या लोकांकडे, मठांतसुद्धा त्याच्या प्रती होत्या आणि कोणी हात लावला नाही. तेच पुस्तक एखाद्या विणकराच्या घरात सापडलं तर पुरावा व्हायचं.

कायद्याची यंत्रं

१४०१ मध्ये इंग्लंडच्या संसदेने पाखंड्यांना जाळण्याचा कायदा केला. त्याआधी तशी लेखी तरतूद इथे नव्हती. बिशपच्या परवानगीशिवाय प्रवचन, शाळा, पुस्तक लिहिणं यांवर बंदी. असली पुस्तकं असतील त्यांनी ४० दिवसांत बिशपकडे जमा करायची. पकडलेल्याची चौकशी तीन महिन्यांच्या आत पुरी करायची. दोषी ठरून जो मत सोडायला तयार नाही, किंवा एकदा सोडून पुन्हा त्याकडे वळला, त्याला शेरीफच्या, म्हणजे राजाच्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, ताब्यात द्यायचं. शेरीफने त्याला लोकांसमोर, उंच जागी जाळायचं. चर्चच्या नियमाप्रमाणे धर्माधिकाऱ्याला रक्त सांडता येत नाही, म्हणून ही हातबदली. निकाल बिशपचा, सरपण सरकारचं.

पहिला बळी विल्यम सॉट्री, नॉरफकमधल्या लिन गावचा पाद्री. एकदा माफी मागून सुटलेला, त्यामुळे ‘पुन्हा वळलेला’ ठरला. भाकरीवर आर्चबिशप अरंडेलने त्याला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारला: मंत्रानंतर ती भाकर राहते की नाही? जाळण्याआधी त्याचं पाद्रीपण काढावं लागलं, आणि ते एका झटक्यात निघत नाही. दीक्षेच्या सात पायऱ्या असतात, त्या एकेक करून उतरवल्या, प्रत्येक पायरीचं वस्त्र नाहीतर वस्तू हातातून काढून घेत, शेवटी चर्चच्या दाराच्या किल्लीपर्यंत. मार्च १४०१ मध्ये लंडनच्या स्मिथफील्डला त्याला जाळलं. जाळण्याचा राजहुकूम संसदेचा कायदा रीतसर मंजूर होण्याआधीच निघाला होता.

१४१० मध्ये ईव्हशमचा जॉन बॅडबी. हा शिंपी. त्याला पिंपात घालून जाळायला उभा केला तेव्हा युवराज हेन्री, पुढचा पाचवा हेन्री, स्वतः हजर होता. आग लागल्यावर बॅडबी ओरडला. युवराजाला वाटलं हा शुद्धीवर आला, त्याने निखारे बाजूला करायला लावले आणि सांगितलं, मत सोड, जन्मभर रोज ३ पेनी मिळतील. बॅडबी नाही म्हणाला. पुन्हा आग लावली.

सुरुवातीला काहीशी सहानुभूती दाखवणारे सरदारही आता दूर झाले, त्याला कारण सर जॉन ओल्डकासल. लढाईत नाव कमावलेला, युवराजाचा दोस्त. १४१३ मध्ये पाखंडाबद्दल दोषी ठरला, लंडनच्या टॉवरमधून निसटला, आणि जानेवारी १४१४ मध्ये राजाला पकडण्याचा कट रचून लंडनजवळच्या सेंट जाइल्सच्या मैदानात माणसं जमवू लागला. कट आधीच फुटला होता. अंधारात येणाऱ्यांना राजाची माणसं एकेक करून पकडत गेली. ओल्डकासल चार वर्षं लपत राहिला, १४१७ च्या अखेरीस सापडला. टांगून खाली आग लावली. (शेक्सपियरच्या नाटकांतल्या फॉलस्टाफ या पात्राचं नाव आधी ओल्डकासलच होतं. वंशजांची नाराजी नको म्हणून ते बदललं.) या उठावाने एक मोठी गोष्ट झाली: ‘लॉलर्ड’ म्हणजे आता नुसता धर्मभ्रष्ट नाही, राजद्रोही. १४१४ च्या कायद्याने शेरीफ आणि न्यायाधीश यांना लॉलर्ड शोधून काढण्याची शपथ घ्यावी लागली.

विक्लिफही सुटला नाही. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने त्याला पाखंडी ठरवलं. त्याची पुस्तकं नकलून नेणाऱ्या बोहेमियन विद्यार्थ्यांमुळे ती प्रागला पोचली होती, आणि तिथला धर्मसुधारक यान हुस त्याच सभेच्या निकालाने जाळला गेला. विक्लिफची हाडं १४२८ मध्ये लटरवर्थला उकरून काढली, जाळली, आणि राख गावाशेजारच्या स्विफ्ट नदीत टाकली. मरून तेव्हा ४३ वर्षं झाली होती.

झाकलेलं पातेलं

खटला प्रत्यक्षात कसा चालायचा, ते नॉरिचच्या दप्तरात बघायला मिळतं. बिशप विल्यम अ‍ॅनिकने १४२८ ते १४३१ या काळात साठेक जणांची चौकशी केली. त्यातली मार्थम गावची मार्जरी बॅक्स्टर. तिच्याविरुद्ध साक्ष दिली जोन क्लिफलंडने, मार्जरी जिच्याकडे बसून शिवणकाम करता करता बोलायची तिने.

जोन सांगते, मार्जरी म्हणाली: बाई, त्या मधमाशीपासून सांभाळ. प्रत्येक माशी डंख मारते. देवाची, मरियेची, कुठल्या संताची शपथ घालू नकोस, घातलीस तर माशी जिभेला चावेल आणि आत्म्यात विष जाईल. सगळी साक्ष लॅटिनमध्ये उतरवलेली, पण हे वाक्य कारकुनाने इंग्रजीतच ठेवलंय. बहुधा लॅटिनमध्ये त्याची चव गेली असती. मूर्तींबद्दल मार्जरीचं म्हणणं, अडाणी सुतार ओंडके तासून क्रूस आणि मूर्ती घडवतात आणि अडाणी रंगारी त्यांना रंग फासतात. तिचा नवरा स्वतः तसलंच काम करणारा कारागीर, म्हणजे माहितीतून बोलत होती. खरा क्रूस बघायचाय का, असं म्हणून तिने दोन्ही हात आडवे पसरले: हा बघ. भाकरीबद्दल तर ती जे बोलली ते आजही घरात मोठ्याने वाचवत नाही. हजार पाद्री रोज हजार देव बनवतात, खातात आणि मग संडासात टाकतात, असा मुद्दा.

आणि शेवटी जोनच्या मोलकरणीची साक्ष. राखेच्या बुधवारानंतरचा शनिवार, म्हणजे उपवासकाळ नुकता लागलेला. ती मार्जरीच्या घरी गेली तर चुलीवर झाकलेलं पितळी पातेलं. झाकण काढून पाहिलं तर आत ओट्सबरोबर डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा शिजतोय. पाखंडाच्या खटल्यात पुरावा म्हणून एक पातेलं.

चौकशीत फसायला दोन जागा होत्या. पहिली: सुरुवातीलाच शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घ्यायची. शपथ घेणं पाप आहे असं मानणारा तिथेच अडकतो. घेतली तर स्वतःचं मत मोडलं, नाकारली तर गुन्हा कबूल. काही जणांनी म्हणून बारीक वाटा काढल्या, देवाची घेतो पण पुस्तकाची नाही, असल्या. दुसरी जागा: प्रश्न आधीच लिहून ठेवलेले असत. भाकर, कबुली, मूर्ती, यात्रा, उपवास, दशमांश, शपथ. एकेक विचारायचं आणि हो किंवा नाही लिहून घ्यायचं. त्यामुळे नॉरिचच्या साठ माणसांची मतं दप्तरात एकमेकांसारखी दिसतात. ती खरंच तशी होती, की प्रश्नपत्रिका एक असल्याने उत्तरं एकसारखी झाली? इतिहासकारांचं भांडण आजही यावर आहे, आणि माझ्या मते दुसऱ्या शक्यतेचं वजन आपण नेहमी कमी धरतो. मार्जरीची मधमाशी किंवा ते पातेलं दप्तरात टिकलं ते शेजारणीने सांगितलं म्हणून. यादीत तो प्रश्न नव्हता.

बहुतेक जण जळले नाहीत. पहिल्यांदा पकडला गेलेला मत सोडतो असं म्हणाला तर सुटायचा. लॉडनच्या हविसिया मोनने १४३० मध्ये दिलेला असा कागद इंग्रजीत आहे. कोणाकोणाच्या घरी गुप्त खोलीत ‘शाळा’ भरायच्या, त्यांची नावं तिला द्यावी लागली. मग एकेक मत सांगून ते सोडलं. एकाच कातड्यावर मजकूर दोनदा लिहून मध्ये दातेरी कापायचा, म्हणजे दोन तुकडे जुळवले तर बनावट ओळखता येते. तिने एका तुकड्यावर सहीऐवजी फुली काढली आणि मोहोर उठवली. तो बिशपच्या दप्तरात राहिला. दुसरा बिशपच्या मोहोरेसह तिला दिला, मरेपर्यंत जवळ बाळगायला. हा कागद म्हणजे सुटकेचा दाखला आणि टांगती तलवार एकाच वेळी. पुन्हा काही बोललीस तर ‘पुन्हा वळलेली’.

प्रायश्चित्त चारचौघांत व्हायचं: अनवाणी, अंगात साधा सदरा, हातात मेणबत्ती, रविवारी चर्चभोवती मिरवणुकीत, वर फटके, आणि नंतर तेच भरल्या बाजारात. कोणाला सरपणाची मोळी खांद्यावर घ्यावी लागे, कशासाठी असतं ते सगळ्यांना कळावं म्हणून. पुढे पुढे मोळीचं चित्र कपड्यावर शिवून ते बाळगायला लावत.

चुकीच्या पाठीवर

शिक्का सैल असला की कोणालाही लागतो. लिनची मार्जरी केंप मूर्तींना मानणारी, यात्रांवर यात्रा करणारी, मिस्सेत ढसाढसा रडणारी. लॉलर्डांना जे जे नको ते सगळं तिला हवं. पण ती पांढरे कपडे घालून गावोगाव फिरायची आणि देवाबद्दल मोठ्याने बोलायची, आणि बाईने असं बोलायचं नसतं. १४१७ मध्ये यॉर्कशरमध्ये तिला पकडून नेत असताना हेसल गावच्या बायका घरातून धावत आल्या, हातातल्या चात्या हलवत ओरडल्या, जाळा या पाखंडीणीला. तिला ओल्डकासलच्या कंपूतली म्हणण्यापर्यंत मजल गेली. यॉर्कच्या आर्चबिशपने श्रद्धेची कलमं विचारली, तिने सगळी बरोबर सांगितली, तरी प्रदेश सोडून जा म्हणून पिच्छा.

बिशप रेजिनाल्ड पीकॉकचं आणखी वाईट. त्याने लॉलर्डांना खोडून काढायचं ठरवलं, आणि त्यांना कळावं म्हणून इंग्रजीत लिहिलं. चिडून नाही, युक्तिवादाने: मूर्ती का ठेवाव्यात, यात्रा का कराव्यात, मुद्द्याला मुद्दा. अडचण अशी झाली, की धर्माच्या गोष्टी लोकभाषेत आणि तर्काने मांडणं हाच तर लॉलर्डांवरचा आरोप होता. १४५७ मध्ये तो स्वतः पाखंडी ठरला. लंडनमध्ये सेंट पॉलच्या क्रूसापाशी त्याने आपली पुस्तकं जळताना पाहिली, मत सोडलं, आणि मग एका मठात बंद झाला. कागद आणि लेखणी देऊ नये, अशी सूचना होती.

नंतरची वर्षं थोडक्यात सांगता येतात. केंट, चिल्टर्न टेकड्यांतली गावं, कॉव्हेंट्री, एसेक्स इथे लहान लहान गट टिकून राहिले. बापाकडून मुलीकडे, उस्तादाकडून उमेदवाराकडे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी नव्या करारातल्या पत्रांचे आणि शुभवर्तमानांचे लांबलचक भाग तोंडपाठ केले. अधूनमधून खटले भरत, एखादा जळे, बाकीचे फुली काढून सुटत आणि पुन्हा संध्याकाळी दार लावून बसत.

एसेक्समधल्या स्टीपल बम्पस्टेडचे दोघे, जॉन टायबॉल आणि थॉमस हिल्स, १५२६ च्या शरद ऋतूत लंडनला गेले. रॉबर्ट बार्न्स नावाच्या संन्याशाला भेटायचं होतं, कारण त्याच्याकडे विल्यम टिंडलने भाषांतर केलेला छापील इंग्रजी नवा करार मिळतो असं कळलं होतं. जाताना त्यांनी आपल्याकडची जुनी हस्तलिखितं नेली, शुभवर्तमानं आणि काही पत्रं, आणि मोठ्या अभिमानाने त्याला दाखवली. बार्न्सने त्यांच्याकडे फारसं बघितलंही नाही. छापील पुस्तकापुढे यांना काही किंमत नाही, नव्याचं इंग्रजी स्वच्छ आहे, म्हणाला. मग एक प्रत त्यांना ३ शिलिंग २ पेन्सला विकली आणि कोणाला दाखवू नका, जपून ठेवा, म्हणून सांगितलं. ते १५२८ मध्ये पकडले गेले तेव्हा दिलेल्या जबानीत हे सगळं आहे, किमतीसकट.